जॉनचा जॅक करून वाचलं काय?

गेल्या वर्षीची गोष्ट. हिंजवडीतल्या एका ऑफिसच्या गेटवर आमचा ब्रिटिश पाहुणा अडकला होता. निरोप आला तशी मी खाली धावले. सिक्युरिटीच्या काकांसमोर रजिस्टर उघडं होतं, शेजारी पासपोर्ट.

"मॅडम, तुमच्या यादीत जॅक लिहिलंय. ह्यांच्या पासपोर्टवर जॉन आहे. हे ते नव्हेत."

"काका, हेच ते. जॉनलाच जॅक म्हणतात."

काकांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "मला घरी पिंट्या म्हणतात. उद्या बँकेत पिंट्या म्हणून सही केली तर चालेल का?"

तोडगाही शेवटी त्यांनीच काढला. रजिस्टरमध्ये त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'जॉन ऊर्फ जॅक', आणि एखाद्या अट्टल गुन्हेगाराची नोंद व्हावी तशी आमच्या पाहुण्याची नोंद होऊन तो आत आला. लिफ्टचं दार बंद होता होता काकांनी मागून विचारलं, "पण मॅडम, जॉनचा जॅक करून वाचलं काय?"

प्रश्न नेमका होता. टोपणनाव म्हणजे मोठ्या नावाचं आटोपशीर रूप, अशी आपली समजूत. बेंजामिनचा बेन, सॅम्युएलचा सॅम, थॉमसचा टॉम, इथपर्यंत हिशेब जुळतो. पण जॉन मुळातच एवढासा. इंग्रजीत लिहायला चार अक्षरं, जॅकलाही चारच. बोलायला दोन्ही एका दमाचे. आवाजातही 'ज' सोडला तर काहीच सारखं नाही. म्हणजे हे नाव लहान केलेलं नाही, बदललेलं आहे. ते का, हे समजायला मध्ययुगीन इंग्लंडपर्यंत मागे जावं लागतं. वाटेत पंक्चरचं दुकान, पत्त्यांचा डाव आणि हेडफोन हेही लागतात.

आधी जॉन. हा मूळचा हिब्रू योहानान, अर्थ 'देवाने कृपा केली'. मराठी बायबलात तो योहान आहे. लॅटिनमध्ये तो योहानेस झाला आणि तिथून युरोपभर पसरताना जिथे गेला तिथलं पाणी प्याला. फ्रेंचांचा ज्याँ, स्पॅनिशांचा हुआन, रशियनांचा इव्हान, आयरिशांचा शॉन, पोर्तुगीजांचा जुआंव. गोव्यात २४ जूनला सांजांवच्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून लोक विहिरीत उड्या मारतात, तो सण ह्याच योहानाचा, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा.

इंग्लंडात हे नाव इतकं बोकाळलं की चौदाव्या शतकात दर चार पुरुषांत एक तरी जॉन निघावा अशी स्थिती होती. आता असं गाव डोळ्यांसमोर आणा. विहिरीवर जॉन, शेतात जॉन, गिरणीत जॉन, चर्चमध्ये घंटा वाजवणाराही जॉनच. एका वाड्यात तीन दत्तात्रेय असले की आपण काय करतो? एकाला दत्ता, दुसऱ्याला दत्तू, तिसऱ्याला दत्त्या. नाव छोटं करायचं म्हणून नव्हे, हाक मारल्यावर तिघांनी एकदम 'ओ' देऊ नये म्हणून. जॉनचं तेच झालं.

आपण 'ऊ' किंवा 'या' लावतो, तसा त्या काळच्या इंग्रजीत एक लाडाचा प्रत्यय होता, 'किन'. तो समुद्रापलीकडून, आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या भागातून आला. 'किन' लावला की वस्तू छोटी आणि गोजिरी होते, जशी आपल्याकडे सोन्याची सोनुकली. हा प्रत्यय तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. जुन्या फ्रेंचमध्ये टेबलावरच्या कापडाला 'नॅप' म्हणत, त्याचं पिल्लू म्हणजे नॅपकिन. पीटरचा पर्किन, वॉल्टरचा वॉटकिन, रॉबर्टचा आधी हॉब आणि मग हॉपकिन झाला. पर्किन्स, वॉटकिन्स, हॉपकिन्स ही आडनावं वाचताना आपल्याला भारदस्त वाटतात. मुळात ती सगळी कोणाच्या तरी गण्या-बाळ्याची पोरं.

जॉनचं एक रूप जान. त्याला 'किन' लागून जान्किन झालं. जेन्किन्स हे आडनाव तिथलंच. इंग्रज कवी चॉसरच्या चौदाव्या शतकातल्या काव्यात 'बाथची बाई' हे पात्र आहे, तिचा पाचवा नवरा ह्याच नावाचा. बोलताना मधला 'न्' गळला, जाकिन झालं. मग शेपूट गळलं आणि उरला जॅक. ही वंशावळ १८९२ साली ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचे ग्रंथपाल ई. डब्ल्यू. बी. निकल्सन यांनी पुराव्यानिशी मांडली. तेव्हा काकांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं: वाचलं काहीच नाही. जॉनचं आधी लांबवून जान्किन केलं आणि मग मधून आणि शेवटून छाटलं.

निकल्सनना पुरावे गोळा करावे लागले, कारण समोर एक सोपं आणि चुकीचं उत्तर आयतं उभं होतं. फ्रेंचमध्ये झाक हे नाव आहे, इंग्रजी वाचणाऱ्याला ते जॅकसारखंच दिसतं. पण झाक म्हणजे बायबलातला याकोब, इंग्रजांचा जेम्स. त्याचा योहानाशी संबंध नाही. हा घोळ कायमचा लक्षात राहावा म्हणून केनेडी दांपत्य आठवा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना घरचे आणि मित्र जॅक म्हणत. पत्नीचं नाव जॅकलीन, म्हणून ती जॅकी. ऐकणाऱ्याला वाटावं, नवऱ्याच्या नावावरून बायकोचं नाव पडलं. प्रत्यक्षात तो जॅक योहानाचा आणि ती जॅकी याकोबाची. दोन वेगळ्या संतांची नावं एका घरात येऊन जुळ्यासारखी दिसू लागली.

तर गावात जॉन उदंड झाले आणि म्हणून जॅकही उदंड झाले. एखादं नाव इतकं पसरलं की ते कोणा एकाचं राहत नाही. मराठीत 'कोणीही सोम्यागोम्या येतो आणि सल्ला देतो' म्हणताना आपल्या मनात कुठलाच सोमनाथ नसतो. इंग्रजीत ह्या जागी टॉम, डिक आणि हॅरी हे त्रिकूट येतं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही चाकरी जॅककडे होती. जॅक म्हणजे कोणीही. त्यातही बडा कोणी नव्हे, खालचा कोणीही.

ह्याचा फार बोलका पुरावा १३८१ सालचा आहे. राजाने डोईपट्टी बसवली, माणशी १२ पेन्स, श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखी. दक्षिण आणि पूर्व इंग्लंडातले शेतकरी, कारागीर उठले आणि लंडनवर चालून गेले. त्या बंडात हातोहात फिरलेली काही पत्रं इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहेत. त्यांतल्या लेखकांची नावं पाहा: जॅक गिरणीवाला, जॅक गाडीवान, जॅक सच्चा. ही खरी नावं नव्हेत, बुरखे आहेत. 'आम्ही सगळे' असं म्हणायचं होतं, ते त्यांनी 'जॅक' म्हणून म्हटलं. बंडाच्या एका पुढाऱ्याचं नावही जॅक स्ट्रॉ, म्हणजे जॅक गवतकाडी. १४५० मध्ये पुन्हा बंड झालं, तेव्हाचा म्होरक्या जॅक केड.

गंमत म्हणजे समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये उमराव मंडळी आपल्या शेतकऱ्यांना तुच्छतेने 'झाक' म्हणत. तिथे १३५८ मध्ये शेतकरी उठले, त्या उठावाचं नाव इतिहासात 'झाकरी' असंच पडलं आहे. दोन देश, दोन वेगळी नावं आणि दोन्हींचा अर्थ झाला कुणबी. ते फ्रेंच शेतकरी घालायचे त्या आखूड अंगरख्यालाही बहुधा त्यांचंच नाव लागलं, त्यावरून जॅकेट आलं आणि आपल्याकडे येऊन त्याचं जाकीट झालं. म्हणजे पुढाऱ्यांच्या अंगावरचं खादीचं जाकीट बहुधा एका फ्रेंच शेतकऱ्याच्या शिवीवजा नावातून आलेलं आहे. हे त्यांना कोणी सांगू नये.

इथून पुढचा जॅकचा प्रवास मला सगळ्यात आवडतो, आणि तो मराठी माणसाला समजावायला फारसे कष्ट पडत नाहीत. जुन्या मुंबईत घरगडी म्हणून कोकणातून पोरं यायची. कोणी तुकाराम, कोणी धोंडू, कोणी गोविंद. पण मालकिणींच्या तोंडी सगळ्यांचं नाव एकच: रामा. 'आमचा रामा गावी गेलाय', 'नवा रामा मिळेना'. रामा हे विशेषनाव राहिलं नाही, हुद्दा झाला. इंग्लंडात जॅकचं नेमकं हेच झालं. जॅक म्हणजे हाताखालचा पोऱ्या. हे आणून दे, ते उचल, बूट काढ, शेगडीपाशी बस.

मग त्या पोऱ्याची कामं करणारी अवजारं निघाली. त्यांना काय म्हणायचं? पोऱ्याचंच नाव.

मोठ्या घरांच्या स्वयंपाकघरात मांस लोखंडी सळईत ओवून विस्तवासमोर फिरवत भाजत. तासन्‌तास ती सळई फिरवायला एक पोरगा बसलेला असे. पुढे वजनावर चालणारं यंत्र आलं, ते सळई आपोआप फिरवू लागलं. त्याचं नाव जॅक. घट्ट बूट काढायला नोकर वाकून टाच ओढत असे. त्याऐवजी एका टोकाला खाच असलेली फळी आली. एका पायाने ती दाबायची, दुसऱ्या पायाची टाच खाचेत अडकवायची आणि पाय ओढून घ्यायचा. तीही जॅक, बूटजॅक. मनोऱ्यावरच्या घड्याळात तास झाला की घंटेवर हातोडा हाणणारा लाकडी पुतळा असे. तोही जॅक. आणि जड ओझं खालून खांदा देऊन उचलायला चार गडी लागत, त्यांच्या जागी स्क्रू फिरवून वजन उचलणारं यंत्र आलं. हा तो जॅक, जो तुमच्या गाडीच्या डिकीत स्टेपनीशेजारी पडलेला असतो आणि ऐन हायवेवर सापडत नाही.

पंक्चरवाला 'जॅक लाव रे' असं त्याच्या पोऱ्याला ओरडून सांगतो, तेव्हा एका पोऱ्याला दुसऱ्या, सहाशे वर्षांपूर्वीच्या पोऱ्याला कामाला लावायला सांगत असतो. आपण तर ह्या शब्दाला आणखी एक मजला चढवला. 'त्याने मंत्रालयातून जॅक लावला', 'वरती जॅक आहे त्याचा' असं आपण म्हणतो, तेव्हा तो वशिला असतो. खालून जोर लावून वस्तू वर उचलायची, हा मूळ अर्थ त्यात शाबूत आहे. फक्त उचलली जाणारी वस्तू बदलली.

हेडफोनच्या जॅकची वाट थोडी वाकडी आहे. जॅक-नाइफ म्हणजे मिटणारा खिशातला चाकू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टेलिफोन एक्सचेंज सुरू झाली. एका गिऱ्हाइकाची तार दुसऱ्याला जोडायला ऑपरेटर बाईला झटपट चालणारा स्विच हवा होता. अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या चार्ल्स स्क्रिबनरने तो बनवला. त्याचा आकार चाकूसारखा दिसे, म्हणून जॅक-नाइफ स्विच. पुढे चाकू गेला, जॅक राहिला. ज्यात पिन खुपसायची त्या भोकालाच जॅक म्हणू लागले. २०१६ मध्ये आयफोनमधून हे भोक काढून टाकलं, तेव्हा केवढा गहजब झाला होता. गिटारवाल्यांचं जाड भोक मात्र अजून जुन्या मापाचंच आहे.

'जॅक' म्हणजे पोऱ्या हे एकदा डोक्यात बसलं की पत्तेही बोलू लागतात. राजा, राणी आणि तिसरा कोण? मराठीत गुलाम. इंग्रजीत त्याचं जुनं नाव नेव्ह होतं, त्याचाही मूळ अर्थ मुलगा, नोकर. सतराव्या शतकात एका लोकप्रिय खेळात हुकमाच्या नेव्हला जॅक म्हणत, तिथून हे नाव बाकीच्या नेव्हांना लागलं. पण ते खालच्या लोकांचं बोलणं मानलं जाई. डिकन्सच्या १८६१ सालच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये श्रीमंत घरातली एस्टेला गरीब पिपबरोबर पत्ते खेळताना तिरस्काराने म्हणते की हा मुलगा नेव्हला जॅक म्हणतो! आपल्याकडे 'पाणी' आणि 'पानी' ह्या एका अक्षरावरून माणसाची पायरी ठरवतात, तोच प्रकार.

शेवटी जॅक जिंकला तो मात्र अगदी कारकुनी कारणाने. पत्त्याच्या कोपऱ्यात अक्षर छापायची पद्धत आली. राजासाठी के. नेव्हचंही इंग्रजी स्पेलिंग 'के'नेच सुरू होतं, म्हणून त्याला 'के एन' छापत. हातात पंखा धरला की अर्धं अक्षर झाकलं जाई आणि गुलाम राजा वाटे. १८६० च्या दशकात अमेरिकन पत्तेवाल्यांनी सरळ 'जे' छापायला सुरुवात केली, आणि जॅक कायम झाला. गुलामचोर खेळताना ज्या 'जे'ला घाबरून आपण तो शेजाऱ्याच्या गळ्यात मारायला बघतो, तो हा. जॅकपॉटही ह्याच घरातला. पोकरच्या एका प्रकारात हातात गुलामांची जोडी किंवा त्याहून वरचं काही असल्याशिवाय डाव उघडता येत नाही. कोणाकडेच नसेल तर मधल्या ढिगात पैसे साठत जातात. तो ढीग म्हणजे जॅकपॉट.

लाकूडतोड्या लंबरजॅक, उंच चिमण्या-कळसांवर चढून डागडुजी करणारा स्टीपलजॅक, जहाजावरचा खलाशी जॅक टार, गाढवातला नर जॅकअ‍ॅस. यादी वाढवत बसत नाही, सूत्र एकच आहे. ब्रिटनच्या झेंड्यातला जॅक मात्र वेगळ्या अर्थाने आला. जॅक म्हणजे पोऱ्या, म्हणून जॅक म्हणजे नेहमीपेक्षा लहान असाही अर्थ निघाला. जहाजाच्या नाळेवर लावायच्या छोट्या निशाणाला जॅक म्हणत, त्यावरून युनियन जॅक. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्याच्या झेंड्याचं नाव 'छोटू', हे मला दीडशे वर्षांच्या पारतंत्र्याची किंचित भरपाई वाटते.

फणस ह्या घराण्यातला नाही, हेही सांगून टाकते. जॅकफ्रूट ऐकून कोणा जॅकसाहेबाने तो शोधला असं वाटतं. मल्याळममध्ये फणसाला चक्का म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याचा जाका केला आणि इंग्रजांनी ऐकलं जॅक. ऐकण्यातल्या अशा घसरणीतून नावं जन्मतात. आपल्या जयकिशन श्रॉफचा जॅकी असाच शाळेत झाला.

आणखी एका म्हणीबद्दल बोललं पाहिजे, कारण तिच्या नावाने आजकाल फॉरवर्ड फिरतात. 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स', म्हणजे सगळी कामं येणारा जॅक. सतराव्या शतकात ती एवढीच होती आणि तिच्यात कौतुकाचा सूर होता. हरहुन्नरी माणूस. त्याआधी, १५९२ मध्ये, रॉबर्ट ग्रीन ह्या इंग्रज लेखकाने शेक्सपिअरला टोमणा मारताना 'योहानेस फॅक्टोटम' हा लॅटिन शब्द वापरला. पाहा, तिथेही योहानच: 'सर्वकाम्या जॉन'. 'कशातच पारंगत नाही' हे शेपूट म्हणीला नंतर लागलं आणि कौतुकाची हेटाळणी झाली. आता फॉरवर्डवाले म्हणतात की खरी म्हण याहून लांब आहे, पुढे 'तरीही एकाच गोष्टीत पारंगत असणाऱ्यापेक्षा बरा' असं होतं आणि ते कोणीतरी गाळलं. हे खरं नाही. ते तिसरं वाक्य अलीकडच्या काळात कोणीतरी जोडलं आहे, जुन्या ग्रंथांत त्याचा पत्ता नाही. बारा भानगडी एकदम करणाऱ्या आमच्यासारख्यांना ते आवडतं हे मान्य, पण म्हणून ते जुनं होत नाही.

जॅक म्हणजे कोणीही, याची एक काळी बाजूही आहे. १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून होऊ लागले. सप्टेंबरात एका वृत्तसंस्थेकडे लाल शाईने लिहिलेलं पत्र आलं, खाली सही 'जॅक द रिपर'. ते पत्र खुन्याचं होतं की कोणा बातमीदाराची करामत, यावर अजून वाद आहे, पण नाव चिकटलं. ज्याचं नाव माहीत नाही त्याला जॅक म्हणायचं. चेहरा नसलेल्या माणसाला इतकं चपखल नाव दुसरं सापडलं नसतं. त्याआधी सतराव्या शतकात लंडनचा सरकारी जल्लाद जॅक केच हा इतका बदनाम होता की त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येक जल्लादाला लोक जॅक केचच म्हणू लागले. मुंबईत कुठल्याही हवालदाराला लोक पांडू म्हणतात, तसंच.

आता काकांची खरी अडचण: हे नाव वापरायचं कसं?

पहिली गोष्ट, जॉन भेटला म्हणून त्याला आपण होऊन जॅक म्हणायचं नाही. आजचे बहुतेक जॉन हे जॉनच असतात. जॅक म्हणवून घ्यायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. मेलच्या खाली त्याने सही जॅक म्हणून केली असेल, तर उत्तरात 'प्रिय जॅक' लिहायचं. तिथे अदबीने जॉन लिहिणं उलट खटकतं, त्याने पुढे केलेला हात आपण न पाहिल्यासारखं वाटतं. तिकीट, व्हिसा, करारनामा, गेटपास ह्यांवर मात्र पासपोर्टवरचंच नाव. मी हे आता शिकले.

दुसरी गोष्ट उलटी आहे. समोरचा जॅक तिशीच्या आतबाहेरचा असेल तर त्याला 'तुमचं मूळ नाव जॉन ना?' असं विचारून ज्ञान पाजळू नये. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २००८ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समध्ये नवजात मुलग्यांना ठेवलेल्या नावांत जॅक सलग पहिल्या क्रमांकावर होता. ह्या मुलांच्या जन्मदाखल्यावरच जॅक आहे. पोऱ्याचं नाव पाळण्यात गेलं आणि जॉनला मागे टाकून बसलं.

तिसरी गोष्ट समजायला मराठी माणसाला सगळ्यात कठीण, निदान मला तरी वेळ लागला. आपल्याकडे 'या' लावला की अरेतुरे आलंच. दत्त्या, गण्या, पम्या म्हणायचा हक्क मोजक्या लोकांना असतो: घरातली वडीलधारी, शाळेच्या बाकावरचे सोबती, आणि भांडणात कोणीही. जनाबाई विठोबाला विठ्या म्हणू शकते, कारण दोघांचं नातं तेवढं आहे. देवळात रांगेत उभा राहिलेला माणूस तसं म्हणणार नाही. म्हणजे आपलं टोपणनाव दोन माणसांमधलं अंतर सांगतं. इंग्रजीतला जॅक तसं काही सांगत नाही. तो नुसतं नाव आहे, जवळिकीची पावती नाही. ज्याच्याशी आयुष्यात एकदाच व्हिडिओ कॉलवर बोललो तोही 'कॉल मी जॅक' म्हणतो आणि त्याच कॉलमध्ये आपलं कंत्राट रद्द करतो.

हा फरक पडताळायची एक सोपी कसोटी मला सापडली आहे. ब्रिटनमध्ये १९९७ ते २००१ गृहमंत्री आणि नंतर परराष्ट्रमंत्री असलेले जॅक स्ट्रॉ यांचं जन्मनाव जॉन. हो, बंडखोर गवतकाडीचेच नावबंधू, आणि देशाचे गृहमंत्री. त्यांच्याबद्दल मराठीत 'जॅक स्ट्रॉ म्हणाले' असं आपण बिनदिक्कत लिहितो. आता 'दत्त्या म्हणाले' असं लिहून पाहा. जीभच अडखळते. आपल्या लाडाच्या नावाला आदरार्थी बहुवचन पेलत नाही, त्यांच्या नावाला पेलतं.

तरीही जॅकमधली जवळीक अगदीच मेलेली नाही. १९८८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वादविवाद चालू होता. तरुण डॅन क्वेल म्हणाले, माझा अनुभव जॅक केनेडींइतका आहे. केनेडींना ते ओळखत नव्हते, पण जॅक म्हणणं सगळ्यांना खुलं होतं. समोर वयस्कर लॉइड बेंटसन उभे होते. ते शांतपणे म्हणाले, मी जॅक केनेडींबरोबर काम केलंय, मी त्यांना ओळखत होतो, ते माझे मित्र होते. तुम्ही जॅक केनेडी नाही आहात. टाळ्यांचा कडकडाट झाला. एकाच नावाचे दोन उच्चार: एक वर्तमानपत्रातून उचललेला, एक ओळखीतून आलेला.

आणि आपल्याकडे लाडाचं नाव कागदावर कधीच चढत नाही, असंही नाही. हे मी परवा काकांना सांगितलं. लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव. बाळ हे घरातलं, आईवडिलांच्या तोंडचं. पण केशव गंगाधर टिळक म्हटलं तर कोण हे, असा प्रश्न पडेल. म्हणजे त्यांच्याही बाबतीत यादीत एक आणि कागदावर दुसरंच होतं.

काकांनी रजिस्टर मिटलं. "त्यांना गेटवर अडवायची कोणाची छाती होती, मॅडम?"